दुसरी सही

पुण्यात संध्याकाळी सहाच्या सुमारास कुठल्या ना कुठल्या सभागृहात कुणाला तरी शाल पांघरली जात असते. एस. एम. जोशी सभागृह, पत्रकार भवन, टिळक स्मारक, नाहीतर भरत नाट्य. मानपत्राचं वाचन, श्रीफळ, पुणेरी पगडी, मग सत्काराला उत्तर. मला हे सगळं मनापासून आवडतं. आयुष्यभर एका विषयाला वाहून घेतलेल्या माणसाचं नाव शे-दोनशे लोकांसमोर नीट उच्चारलं जावं, यात गावाचा मोठेपणा आहे. पण या सभांना जाऊन जाऊन एक गोष्ट मनात घर करून बसली आहे. ग्रंथ लिहिला, संस्था उभी केली, शोध लावला, असं माणसानं जे केलं त्याचंच आपण कौतुक करतो. एखाद्यानं काय करायला नकार दिला, कुठल्या कागदावर सही केली नाही, याचं मानपत्र मी अजून एकदाही ऐकलेलं नाही.

असे पुरस्कार जगात आहेत. ‘अमेरिकन असोसिएशन फॉर दि अॅडव्हान्समेंट ऑफ सायन्स’ ही संस्था वैज्ञानिक स्वातंत्र्य आणि जबाबदारी यांसाठीचा, १९८०मध्ये स्थापन झालेला पुरस्कार देते. ‘नेचर’ या नियतकालिकाचे संपादक जॉन मॅडॉक्स यांच्या नावाचा पुरस्कार २०१२ साली सुरू झाला; विरोध आणि धमक्या सोसून पुराव्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांसाठी तो आहे. पहिल्या वर्षीच्या दोन मानकऱ्यांपैकी एक चीनचे फांग शिमिन. संशोधनातली लबाडी उघडी पाडली म्हणून २०१०मध्ये बीजिंगमध्ये त्यांच्यावर हातोड्यानं हल्ला झाला होता. २०१९चे मानकरी इंडोनेशियाचे बंबांग हेरो सहार्जो. जंगलाला आगी लावणाऱ्या कंपन्यांविरुद्ध ते कोर्टात तज्ज्ञ म्हणून साक्ष देत राहिले आणि शेवटी त्यांच्यावरच नुकसानभरपाईचा दावा गुदरला गेला. आपल्याकडे केंद्र सरकारच्या राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांत विज्ञान रत्न, विज्ञान श्री, विज्ञान युवा आणि विज्ञान टीम असे चार गट आहेत. ‘नाही’ म्हणणाऱ्यासाठी त्यात वेगळी जागा नाही.

या मानकऱ्यांच्या कहाण्या मी गेली काही वर्षं जमतील तशा वाचतो आहे. त्यातली एक मला पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते.

रॉजर बोझोले हे अमेरिकेतल्या युटा राज्यात मॉर्टन थायोकॉल कंपनीत इंजिनिअर होते. अवकाशयानाला वर ढकलणारे बूस्टर ही कंपनी बनवायची. बूस्टर तुकड्यातुकड्यांनी जोडलेला असे आणि सांध्यांतून गरम वायू बाहेर येऊ नये म्हणून तिथं रबरी कडी बसवलेली असत. कुकरच्या झाकणातली रिंग डोळ्यांसमोर आणली की काम कळतं. थंडीत रबर ताठरतं, सांधा हलला तर त्याच्याबरोबर चटकन फुगत नाही. जानेवारी १९८५मधलं एक उड्डाण सुमारे १२ अंश सेल्सिअस तापमानाला झालं होतं. समुद्रातून परत आणलेले बूस्टर उघडून पाहिले तेव्हा दोन कड्यांच्या मधलं ग्रीस काळंकुट्ट झालेलं बोझोलेंनी स्वतः पाहिलं. वायू पहिलं कडं ओलांडून गेला होता. त्यांनी ३१ जुलै १९८५ रोजी वरिष्ठांना लेखी कळवलं: यात लक्ष घातलं नाही तर माणसं मरतील.

चॅलेंजर यानाच्या उड्डाणाच्या आदल्या रात्री, २७ जानेवारी १९८६ला, फ्लोरिडात पारा शून्याच्या खाली जाणार असा अंदाज होता. थायोकॉलच्या इंजिनिअरांनी फोनवरच्या बैठकीत नासाला सांगितलं, १२ अंशांच्या खाली उडवू नका. नासाची माणसं वैतागली. कंपनीनं पाच मिनिटं मागून घेतली, त्याचा अर्धा तास झाला. त्या अर्ध्या तासात बोझोले आणि त्यांचे सहकारी आर्नी थॉम्प्सन उठून व्यवस्थापकांच्या समोर गेले, आकृत्या काढून दाखवल्या, त्या काळ्या ग्रीसचे फोटो टेबलावर ठेवले. काही उपयोग झाला नाही. इंजिनिअरिंग विभागाच्या प्रमुखाला एका वरिष्ठानं सांगितलं, आता इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. मत फक्त चार व्यवस्थापकांचं घेतलं गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी यान उडालं, आणि ७३ सेकंदांनी सात माणसं गेली.

पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. चौकशी आयोगासमोर बोझोलेंनी कागद ठेवले. त्यानंतर कंपनीत त्यांना कामापासून तोडलं गेलं. कंपनीच्या जिवावर जगणारा तो मुलूख; तिथं ओळखीच्या लोकांनी तोंड फिरवलं. झोप उडाली, डोकेदुखी जडली, नोकरी सुटली. आयोगावर सॅली राइड होत्या, अवकाशात गेलेल्या पहिल्या अमेरिकन महिला. साक्ष झाल्यावर त्यांनी बोझोलेंना मिठी मारली. असं करणारी ती एकटीच होती, हे बोझोलेंनी नंतर एका पत्रकाराला सांगितलं. अमेरिकन असोसिएशनचा पुरस्कार त्यांना १९८८ साली मिळाला. तोवर इंजिनिअर म्हणून त्यांचं आयुष्य संपल्यात जमा होतं. पुढे ते विद्यापीठांतून व्यावसायिक नीतीवर व्याख्यानं देत हिंडले, २०१२मध्ये वारले.

आता त्यांच्याच कंपनीतल्या ॲलन मॅकडॉनल्डकडे पाहा. उड्डाणाच्या वेळी ते फ्लोरिडात कंपनीचे प्रतिनिधी होते. संमतीच्या कागदावर सही करायची पद्धत त्यांची. त्यांनी ती केली नाही; युटामधल्या वरिष्ठानं सही करून कागद फॅक्सनं पाठवला. आयोगाच्या बंद बैठकीत मागच्या बाकावरून उठून मॅकडॉनल्डनीच सांगितलं, आम्ही नको म्हणालो होतो. त्यांनाही कंपनीनं बाजूला सारलं. पण इथं अमेरिकी संसदेतले सदस्य मध्ये पडले: या माणसाला जागेवर परत घेतलं नाही तर पुढची कंत्राटं मिळणार नाहीत. कंपनी वठणीवर आली. त्या सांध्याची नवी रचना करण्याचं काम मॅकडॉनल्डकडेच सोपवलं गेलं, आणि त्या नव्या बूस्टरवर सप्टेंबर १९८८मध्ये यान पुन्हा उडालं.

दोघंही तितकेच खरे होते. एकाच्या मागे वेळेवर कुणीतरी उभं राहिलं, दुसऱ्याला दोन वर्षांनी सन्मान मिळाला. वेळेवरचा पाठिंबा आणि नंतरचा सन्मान यांतून एक निवडायला सांगितलं तर मी डोळे झाकून पहिलं घेईन.

फ्रान्सिस केल्सींची गोष्ट तर शाळेतल्या मुलांनाही सांगावी अशी. अमेरिकेच्या औषध प्रशासनात त्या १९६०मध्ये रुजू झाल्या आणि महिन्याभरात थॅलिडोमाइड या, गरोदर बायकांनाही दिल्या जाणाऱ्या झोपेच्या औषधाच्या परवानगीचा अर्ज त्यांच्या टेबलावर आला. तेव्हाचा नियम असा की ६० दिवसांत हरकत आली नाही तर औषध आपोआप मंजूर. केल्सी दर वेळी ‘माहिती अपुरी’ असं कळवायच्या आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले जायचे. कंपनीची माणसं फोन करत, येऊन बसत, वर तक्रारी करत. युरोपात त्या औषधानं हजारो मुलं हातापायांनी अधू जन्मली हे उघड झालं, आणि ऑगस्ट १९६२मध्ये अध्यक्ष केनेडींनी केल्सींना पदक दिलं. पण त्या दीड-एक वर्षात त्यांच्या वरिष्ठांनी त्यांचा निर्णय फिरवला नाही, हे मानपत्रात सहसा येत नाही. फिरवणं त्यांच्या हातात होतं.

हे मी इतकं घोळवून लिहितो आहे त्याला घरचं कारण आहे. माझे वडील सरकारी बांधकामांचं साहित्य तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत होते. पानशेत धरण फुटलं तेव्हा, १२ जुलै १९६१ला, ते शाळकरी होते. धरणाचं काम पुरं होण्याआधीच पाणी साठवलं गेलं होतं. रात्रभर जवानांनी बांधावर वाळूची पोती रचली, सकाळी बांध गेला, पाठोपाठ खडकवासला गेला आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्या पिढीतल्या प्रत्येक पुणेकराकडे त्या दिवसाची एक हकीकत आहे. वडिलांची हकीकत सुरू झाली की मधेच थांबायची आणि ते विचारायचे, “आदल्या महिन्यात कुणी काही बोललं असेल का रे?”

सुट्टीत मी त्यांच्या प्रयोगशाळेत जाऊन बसत असे. काँक्रीटचे क्यूब, पंधरा सेंटीमीटरचे, एकेक आठ किलोचा, २८ दिवस पाण्याच्या टाकीत मुरायचे. मग पुसून दाब देणाऱ्या यंत्राखाली ठेवायचे. काटा चढत जायचा, खोलीत कुणी बोलायचं नाही, आणि मग एक दबका आवाज. चांगला क्यूब चारी बाजूंनी सारखा सुटतो आणि मधे डमरूचा आकार उरतो. वडील आकड्याआधी तो आकार बघायचे. साइटवरून कंत्राटदार जास्त सिमेंट घालून मुद्दाम बनवलेले क्यूब पाठवतात, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून शक्य तिथं ते स्वतः स्लॅबच्या दिवशी जाऊन साचे भरून घेत.

एका शाळेच्या स्लॅबचे तिन्ही क्यूब चाचणीत नापास झाले. काटा ४५ टनांच्या पुढे जायला हवा होता, तो तिशीतच थांबला. संध्याकाळी वरून निरोप आला की आकडा नीट बघून लिहा. ‘नीट’ म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. वडिलांनी वाचलेला आकडा लिहिला. आठवड्याभरात यंत्रच चुकीचं दाखवतं, तपासणाऱ्याचं लक्ष नव्हतं, अशी टिपणी फाइलवर आली. प्रकरण वडिलांवर उलटणार हे दिसत होतं. तेव्हा यंत्रावरच्या मदतनिसानं एक गोष्ट केली. चौकशीला आलेल्या साहेबांसमोर त्यानं वहीतली आपली सही दाखवली. वाचन घेताना दोघांनी बघायचं आणि वहीत दोघांच्या सह्या हव्यात, ही वडिलांची शिस्त. बहुतेक ठिकाणी ती दुसरी सही नंतर सवडीनं उरकली जाते. याची त्याच वेळची होती, आणि ती आपलीच आहे असं तो म्हणाला. पुढे स्लॅबचा कोअर, म्हणजे स्लॅबमधूनच कापलेला नमुना, काढला गेला, तोही नापास झाला, आणि स्लॅब उतरवला. वडिलांची बदली भांडारात झाली. मदतनिसाची बढती अडली ती निवृत्तीपर्यंत अडलीच. बऱ्याच वर्षांनी मी त्याला विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटली? तो म्हणाला, “वाटली ना. पण काटा मीबी बघितलाच होता की.”

तेव्हापासून कुठल्याही धैर्याच्या कहाणीत मी दुसरी सही शोधतो. बहुतेक वेळा ती सापडते आणि बहुतेक वेळा तिचं नाव मानपत्रात नसतं. अणुबॉम्बविरुद्धच्या रसेल-आइन्स्टाइन जाहीरनाम्याचंच घ्या. जर्मनीकडे बॉम्ब नाही हे कळल्यावर जोसेफ रोटब्लाट १९४४च्या अखेरीस मॅनहॅटन या अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पातून बाहेर पडले. एकटे. मग हेरगिरीचा संशय सोसला, भौतिकशास्त्र वैद्यकाकडे वळवलं. १९५५च्या जाहीरनाम्यावर ११ सह्या आहेत, त्यात रोटब्लाट वयानं सर्वांत लहान. आइन्स्टाइननी ती सही मृत्यूच्या जेमतेम आठवडाभर आधी केली. एकट्यानं घेतलेल्या निर्णयाला दहा जणांची सोबत मिळाली आणि त्यातून शास्त्रज्ञांची पगवॉश परिषद उभी राहिली. तिची पहिली बैठक नेहरूंच्या निमंत्रणावरून दिल्लीत घ्यायचं घाटत होतं, पण सुएझच्या संकटानं ती कॅनडातल्या पगवॉश गावी गेली. रोटब्लाट आणि पगवॉश यांना शांततेचं नोबेल मिळालं ते १९९५मध्ये.

माधव गाडगीळ तर आपल्याच गावचे. पुण्यात जन्मले, फर्ग्युसनमध्ये शिकले, हार्वर्डहून परत येऊन आघारकर संस्थेत वा. द. वर्तकांबरोबर सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीनं अहवाल ३१ ऑगस्ट २०११ला पर्यावरण मंत्रालयाकडे दिला. त्यात कुठं खाणी नकोत, कुठं धरण नको हे नावानिशी लिहिलं होतं. पण मला त्यातली एक साधी नोंद कधी विसरता येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यात ऑगस्ट २००७ ते ऑक्टोबर २००९ या काळात १९१ दिवस जमावबंदीचे आदेश होते. पर्यावरणाच्या अहवालात हे कशाला, असं कुणी म्हणेल. गाडगीळांचा सगळा मुद्दाच तो होता: आपल्या नदीचं आणि डोंगराचं काय करायचं हे गावसभेनं ठरवायचं, आणि लोकांना एकत्र जमूच दिलं नाही तर ते ठरवणार कसे? शास्त्रज्ञानं हा आकडा अहवालात घालणं हेच माझ्या लेखी धैर्य.

अहवाल मंत्रालयात पडून राहिला. केरळमधल्या एका नागरिकानं माहितीच्या अधिकारात तो मागितला. मिळाला नाही म्हणून अपील केलं. केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी एप्रिल २०१२मध्ये तो जाहीर करण्याचा आदेश दिला. मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि तिथं हरलं. मे २०१२मध्ये अहवाल लोकांसमोर आला. म्हणजे गाडगीळांच्या सहीखाली आणखी सह्या पडल्या: एका अर्जदाराची, एका आयुक्ताची, एका न्यायमूर्तींची. गाडगीळांना २०१५मध्ये पर्यावरणासाठीचा टायलर पुरस्कार मिळाला, २०२४मध्ये संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’. याच काळात ३० जुलै २०१४ला आपल्या आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं आणि बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ला, वायनाडमध्ये डोंगर खाली आला. वायनाडचा तो तालुका अहवालानं सर्वाधिक संवेदनशील ठरवला होता. पुरस्कार आणि अंमलबजावणी यांचे रस्ते इतके वेगळे असू शकतात, याचा मला राग येतो. सन्मान करणाऱ्यांनी अहवालाचं काय झालं हेही दर वर्षी विचारायला हवं.

आणि पुण्यात हे लिहायचं तर ओंकारेश्वराजवळच्या पुलावरून पुढे कसं जाणार? नरेंद्र दाभोलकर पेशानं डॉक्टर. त्यांच्या चळवळीच्या मदतीनं २००८मध्ये जयंत नारळीकरांनी फलज्योतिषाची सांख्यिकी चाचणी घेतली. हुशार आणि मतिमंद अशा २०० मुलांच्या पत्रिकांतून प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका द्यायच्या आणि कोणती कुणाची ते सांगायला लावायचं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर निघालेली उत्तरं ४६ टक्के, म्हणजे नाणं उडवून जमेल त्याच्या आसपास. जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञानं आयुकाच्या उंचीवरून खाली उतरून या कामाला आपलं नाव द्यायची कुणी सक्ती केली नव्हती. त्यांनी दिलं. दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३च्या सकाळी त्याच पुलावर झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले, त्याचा वटहुकूम त्यानंतर चार दिवसांत निघाला. पद्मश्री २०१४मध्ये मिळाली. मरणोत्तर.

इंजिनिअर सत्येंद्र दुबेंचंही तेच. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार त्यांनी नाव गुप्त ठेवण्याची विनंती करून पंतप्रधान कार्यालयाला कळवला. नाव गुप्त राहिलं नाही. २७ नोव्हेंबर २००३ला गयेत त्यांना गोळी घातली गेली. आज त्यांच्या नावानं आयआयटी कानपूर सचोटीचा पुरस्कार देते, तो मोलाचाच आहे. पण अशा माणसांना संरक्षण देणारा कायदा २०१४मध्ये राष्ट्रपतींच्या सहीनं झाला आणि तो अंमलात आणण्याची अधिसूचनाच निघालेली नाही.

म्हणून मला वाटतं, पुण्यासारख्या गावानं हा पुरस्कार सुरू करावा. इतक्या प्रयोगशाळा, इतकी इंजिनिअरिंग कॉलेजं, औषध कंपन्या, धरणं आणि पूल बांधणाऱ्यांची इतकी कार्यालयं दुसऱ्या कुठल्या गावात आहेत? नाव कुणाचंही द्या. मात्र तो दोघांना मिळून द्यावा: ज्यानं सही नाकारली त्याला, आणि जो त्याच्या शेजारी उभा राहिला त्याला, मग तो शिपाई का असेना. कर्तृत्वाचा आढावा घेत वर्षानुवर्षं थांबू नये. प्रकरण चालू असताना, बदलीचा कागद हातात पडलेला असताना द्यावा. रक्कम वकिलाच्या फीला आणि वर्षभराच्या घरखर्चाला पुरेल इतकी असावी. निवड समितीत एक वकील आणि एक निवृत्त न्यायाधीश हवेत, कारण आरोप खोटा असेल तर तेही तितक्याच काटेकोरपणे तपासलं पाहिजे; माझ्या वडिलांच्या वहीत पास झालेल्या क्यूबचे आकडेही त्याच शाईत होते. आणि निवड झाली की पहिलं पत्र मानकऱ्यांच्या घरी पाठवू नये. ते त्यांच्या वरिष्ठांना जावं, रजिस्टर पोस्टानं, पोचपावतीसह: तुमच्या कार्यालयातल्या या दोघांचा आम्ही सत्कार करत आहोत, समारंभाला आपण यावं, आणि त्यांच्या सेवेसंबंधी पुढचा प्रत्येक आदेश समितीला कळवावा.